काढून लावलेल्या तुळईला रंग कोणता?

बिदर-औराद रस्त्यावरच्या संतपूरच्या आसपास जुने घर उतरवायचे ठरले की आधी माळवदावरची माती ओढतात. मग किलचन निघते, मग कड्या, आणि शेवटी तुळया नि खांब. दगड अंगणाच्या कडेला रचून ठेवतात. पांढरीची माती गाडी भरून शेतात जाते. लाकूड मात्र कोणी टाकत नाही. सागाची तुळई धाकट्या भावाच्या नव्या खोलीवर चढते, दाराची चौकट गोठ्याला लागते, खांब ओसरीत पुन्हा उभा राहतो. बांधणे आणि पाडणे या दोन क्रियापदांच्या मध्ये आमच्या भागात तिसरे एक क्रियापद आहे: काढून लावणे. अशी घरे मी मोजतो, संगणकावर उतरवतो, त्यांच्या फेरबदलाचे नकाशे काढतो. दर वेळी माझा हात अडतो तो या तिसऱ्या क्रियापदापाशी. इमारतींच्या रचनेची जी सॉफ्टवेअरे आज सर्वत्र वापरली जातात, त्यांच्याजवळ या क्रियापदासाठी जागा नाही.

नव्या इमारतीचा नकाशा कोऱ्या कागदावर सुरू होतो, फेरबदलाचा आधीच भरलेल्या कागदावर. आज काय उभे आहे, त्यातले काय जाणार आणि नवे काय येणार हे एकाच नकाशात वाचता आले पाहिजे. ही गरज संगणकाच्या कितीतरी आधीची. राष्ट्रीय इमारत संहितेत आणि तिच्यावर बेतलेल्या नगरपालिकांच्या नियमांत त्यासाठी रंग ठरवून दिले आहेत: पाडायचे काम पिवळ्या रेघांनी, नवे काम लाल भरून. जुन्या आरेखकांच्या टेबलावर पिवळी आणि लाल पेन्सिल कायम असे. तीनच अवस्था, पण त्या हाताने रंगवल्या जात, त्यामुळे आरेखकाला हवे तिथे कडेला चार शब्द लिहिता येत: 'ही चौकट मागच्या दाराला लावणे.'

१९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड आले आणि रंगांच्या जागी थर आले. कायम भिंती एका थरावर, पाडायच्या दुसऱ्या, नव्या तिसऱ्या. तालुक्याच्या गावांतली बरीच कामे आजही अशीच चालतात. ऑटोकॅडचा मला राग नाही. त्याने रेघ अचूक केली. पण तिथे भिंत म्हणजे शेवटी दोन समांतर रेघा. आधीचा नकाशा एक, नंतरचा दुसरा. एकात सुधारणा केली तरी दुसऱ्याला तिची खबर नसते. माझ्याच एका कामात दोन नकाशांत एकाच भिंतीची जाडी सहा इंचांनी वेगळी निघाली. गवंड्याने दोरी धरली तेव्हा ते कळले. चूक माझी होती, पण त्या पद्धतीत अशी चूक लपून बसायला भरपूर जागा आहे.

खरी उडी नंतर पडली. १९९७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका लहान कंपनीने २००० मध्ये रेव्हिट बाजारात आणले आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी घेतली. रेव्हिटमधली भिंत ही रेघ नाही, ती वस्तू आहे. तिला उंची आहे, साहित्य आहे, आणि फेरबदलाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या अशा दोन नोंदी आहेत: ती कोणत्या टप्प्यात उभी राहिली आणि कोणत्या टप्प्यात पाडली गेली. हातोड्याचे चिन्ह उचलून जुन्या खिडकीवर टेकवले की ती पाडलेली ठरते आणि तिची मोकळी जागा पुढच्या टप्प्यात आपोआप बुजवलेली दिसते. इमारत एकच, पण ती कोणत्या दिवसाची पाहायची ते आपण ठरवायचे. हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्टच्या आर्किकॅडनेही २०११ सालच्या पंधराव्या आवृत्तीत अशी सोय दिली. तिथे प्रत्येक घटकावर कायम, पाडायचा किंवा नवा असा शिक्का बसतो.

या टप्प्यांचा खरा उपयोग माळवदाच्या घरात कळतो. आधी आणि नंतर या दोहोंच्या मध्ये आणखी एक अवस्था मांडता येते. वरची माती निघाली आहे, तुळया उतरल्या आहेत, भिंती नुसत्या उभ्या आहेत आणि मृग तोंडावर आला आहे. चिखलात रचलेली दगडी भिंत डोक्यावर छप्पर नसताना पावसात सापडली तर फुगते आणि बसते. कोणती भिंत किती दिवस उघडी राहणार हे मालकाला चित्रात दाखवता आले की काम वैशाखात उरकायचे की दिवाळीनंतर धरायचे, याचा निर्णय घरातली म्हातारी माणसेसुद्धा चित्र पाहून घेतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या सॉफ्टवेअरांचा ऋणी आहे.

आता अडचण. रेव्हिटमध्ये एका वस्तूचा जन्म एकदा आणि शेवट एकदा. मधल्या घरातली तुळई काढून मागच्या खोलीवर घालायची असेल तर जुन्या जागी ती पाडलेली दाखवावी लागते आणि नव्या जागी तिची प्रत नवीन म्हणून काढावी लागते. आर्किकॅडच्या तीन शिक्क्यांतही हेच होते. चित्रात फारसे बिघडत नाही, बिघडते ते यादीत. पाडकामाच्या यादीत तुळई एकदा येते आणि खरेदीच्या यादीत पुन्हा. अंदाजपत्रक त्या यादीवरून निघते, सागाचा भाव त्यात चढतो, आणि आकडा पाहून मालक म्हणतो, एवढ्यात तर स्लॅब पडतो. लाकूड घरातलेच होते, पण नकाशाने ते बाजारातले ठरवले. माळवदे जाण्याची कारणे पुष्कळ आहेत, त्यात हे एक लहान कारण आहे. पण ते टाळता येण्याजोगे आहे, म्हणून मला ते जास्त खुपते.

सुतारांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. सांगाडा उतरवताना जाणता सुतार प्रत्येक सांध्यावर पटाशीने खूण घालतो. कोणते कुसू कोणत्या खाचेत जायचे ते त्या खुणांवरून कळते. मी हल्ली त्याच खुणा मॉडेलमध्ये नोंदवतो. रेव्हिटमध्ये घटकाला आपल्या पसंतीची नोंद जोडता येते, तीत तुळईचा क्रमांक, मूळ खण आणि नवा खण लिहायचा, आणि खरेदीच्या यादीतून असे क्रमांक गाळायचे. हे जोडकाम झाले. सॉफ्टवेअरने स्वतः 'स्थलांतरित' ही चौथी अवस्था दिली पाहिजे, आणि ती न देण्याला तांत्रिक सबब पुरेशी नाही. ज्या देशांत ही साधने घडली तिथेही आता जुन्या इमारतींतले साहित्य पुन्हा वापरण्यावर भर दिला जातो, मग हा कोपरा इतकी वर्षे रिकामा का?

दुसरी उणीव 'कायम' या शब्दात दडलेली आहे. फेरबदलाच्या नकाशात सगळ्यात कठीण भाग नवा नसतो, जुना असतो. आमच्याकडची भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगडाची एक पाठ, आतून दुसरी, मध्ये लहानमोठे दगड आणि चिखल. दोन्ही पाठी बांधणारा आरपार दगड आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. खाली रुंद, वर अरुंद होत गेलेली भिंत काढायची तर सरळ उभ्या भिंतींच्या रेव्हिटमध्ये वर्षानुवर्षे कसरत होती. कललेली भिंत २०२१ च्या आवृत्तीत आली आणि निमुळती २०२२ च्या. ज्यांनी ही सॉफ्टवेअरे रचली त्यांच्या डोळ्यांपुढे कारखान्यातून आलेल्या सारख्या जाडीच्या भिंती होत्या, हे त्यावरून कळते. पण आकारापेक्षा मोठा प्रश्न माहितीचा आहे. मी मोजून काढलेली भिंत आणि मी अंदाजाने काढलेली भिंत मॉडेलमध्ये सारखीच ठाम दिसते. पुरातत्त्वाच्या नकाशात अंदाजाची रेघ तुटक काढायचा शिरस्ता आहे. आमच्या त्रिमितीय चित्रात अंदाजसुद्धा भरीव, सावलीसकट उभा राहतो आणि पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो.

तो विश्वास किती महाग पडू शकतो हे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे गेली, बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली. गळती थांबावी म्हणून माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत गेली होती. काही घरांवर थर दोन फुटांपर्यंत पोचले होते. दोन फूट माती म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण एक टन ओझे. आणि तरीही सगळी माळवदे सारखी पडली नाहीत. जिथे तुळयांचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती बाहेर कोसळल्या तरी सांगाडा पुष्कळदा उभा राहिला. जिथे तुळया थेट भिंतीवर टेकल्या होत्या, तिथे भिंतीबरोबर छप्पर खाली आले.

म्हणून जुन्या घरात खिडकी पाडण्याआधी पहिला प्रश्न एकच: भार खांबावर की भिंतीवर? खांब भिंतीच्या पोटात गाडलेला असतो, वरून गिलावा असतो. सॉफ्टवेअरमध्ये भिंत भार घेते की नाही हे एका खुणेने सांगायचे असते, आणि ती खूण घाईत कशीही पडते. माळवदाची माती हीसुद्धा त्याला एक ठरीव थर म्हणून सांगावी लागते, ती दर उन्हाळ्यात वाढते हे त्याला सांगण्याची रीत नाही.

किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. दोन लाखांच्या आसपास घरांसाठी जागच्या जागी दुरुस्ती आणि बळकटीकरणाची योजना होती. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांध घालणे, वरून पट्टा फिरवणे हे उपाय साधे होते आणि कागदावरच्या चित्रांतून समजावले जात होते. पुष्कळ कुटुंबांनी मात्र ते पैसे जुन्या घराला न लावता शेजारी नवी खोली उभारली. त्यांना दोष देणे मला जमणार नाही. मेलेल्यांना दगडांतून काढलेल्या हातांना दगडावर पुन्हा भरवसा ठेवायला सांगायचे तर त्यांचेच घर, त्यांचीच भिंत, आधी आणि नंतर अशी डोळ्यांपुढे ठेवता यायला हवी होती. तेव्हा ते शक्य नव्हते, आज आहे. या सॉफ्टवेअरांचा आपल्या भागातला सर्वांत मोठा उपयोग हाच व्हायला हवा होता आणि तो अजून झालेला नाही.

आमच्याकडे फेरबदलाचे निमित्त बहुतेक वेळा वाटणी असते. घर खणांत मोजतात, खण म्हणजे दोन खांबओळींमधले अंतर. सात खणांचे घर दोघा भावांत साडेतीन-साडेतीन वाटले जाते, चौकात भिंत येते, ओसरी अर्धी होते, दुसऱ्या बाजूला नवे दार फोडले जाते. मधली तुळई दोघांच्या डोक्यावर. एकाने आपला अर्धा भाग उतरवून स्लॅब टाकायचा ठरवला की तुळईचे दुसरे टोक कोणी पेलायचे? मी हे एकदा मॉडेल फिरवून दोघांना एकत्र बसवून दाखवले. तुळईखाली नवा खांब कुठे येईल ते दोघांनी स्क्रीनवर बोट ठेवून ठरवले. खणांच्या ओळी या सॉफ्टवेअरांच्या अक्षरेषांवर अगदी नेमक्या बसतात. घर मुळातच मोजपट्टीने विचार करून बांधलेले असते, म्हणून परकी साधनेही त्याला लागू पडतात. दारांच्या तयार संग्रहात मात्र गणेशपट्टीची चौकट नाही, कोनाडा नाही, बळद नाही, उजेडासाठी माळवदात ठेवलेले साणे नाही. हे सगळे एकेकाने आपापले घडवायचे आणि आपल्याच संगणकात ठेवायचे असे चालू आहे.

मोजणीच्या नव्या साधनांनी हुरळून जाऊ नये असे मला वाटते. लेझर स्कॅनर काही मिनिटांत खोलीचे लाखो बिंदू टिपतो, आता काही महाग फोनांतही तशी सोय आहे. २००९ च्या सुमारास डब्लिनमध्ये मॉरिस मर्फी आणि सहकाऱ्यांनी अशा बिंदूंवरून ऐतिहासिक इमारतींची माहितीपूर्ण मॉडेले बांधण्याची पद्धत मांडली. बिदरच्या महमूद गवानच्या मदरशासारख्या इमारतीला ती शोभते. १४७२ च्या त्या वास्तूचा दर्शनी भाग सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटात उडाला आणि दोन मिनारांपैकी एकच उरला. काय उरले, काय गेले, काय नंतर सावरले हे तिथे इंचाइंचाने नोंदवण्यात अर्थ आहे. गुलाम याझदानींनी १९४७ च्या आपल्या बिदरवरील ग्रंथात हेच काम हाताने केले. पण चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात स्कॅनरला कमी दिसते, आणि भिंतीच्या पोटात तर काहीच दिसत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांवर ड्रोन फिरले. ड्रोनला माळवद दिसते, त्याखालचे खण दिसत नाहीत. खण मोजायला आत जावे लागते, आणि आत जायला घरच्यांनी या म्हणावे लागते.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. ऑटोडेस्कने २०१६ पासून नवे परवाने कायमचे विकणे बंद केले, तेव्हापासून भाडे भरत राहायचे. लहान गावातल्या एकट्या आरेखकाला ते परवडत नाही. फ्रीकॅडची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तीत इमारतींचे मॉडेल करण्याची सोय आहे आणि ती फुकट आहे. शिकायला वेळ लागतो. बिदर, भालकी आणि कलबुर्गीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले तो वेळ देऊ शकतील. त्यांनी एक बळद, एक गणेशपट्टी, एक साणे नीट घडवून सर्वांसाठी खुले ठेवले तरी पुढच्याचे आठ दिवस वाचतील.

ज्यांच्या घरी यंदा माळवद उतरायचे आहे त्यांना एक विनंती. माती ओढायच्या आदल्या दिवशी घराचे खण मोजून वहीत लिहा. प्रत्येक तुळईवर आणि खांबावर गेरूने क्रमांक टाका, सुताराला त्याच्या खुणांचा अर्थ विचारून तोही लिहा, आणि कोणते लाकूड कुठून आले होते हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून ऐकून घ्या. ती वही घराच्या कागदपत्रांत ठेवा. मॉडेल करणारा नंतर कोणीही येवो, त्याला ती लागेल.