'जोडणी' ही संज्ञा आणि इथरनेटवरील संवाद

संगणकांच्या जाळ्यासंबंधी मराठीत लिहिताना 'जोडणी' हा शब्द इतक्या सहजपणे योजला जातो की त्याच्या पोटी एक अख्खा सिद्धान्त दडलेला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. दोन यंत्रे तारेने जोडली की त्यांच्यात संवाद सुरू होतो, हा तो सिद्धान्त होय. जुने युनिक्स मिनिसंगणक आणि त्यांच्यामागून आलेले वैयक्तिक संगणक यांना एका इथरनेटवर आणण्याचा इतिहास तपासला असता तो टिकत नाही. आणि तो जेथे मोडतो ते स्थळ भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

इथरनेट हे नाव रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात दिले. प्रकाशाचे वाहक मानले गेलेले ईथर मायकेलसन आणि मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगानंतर भौतिकशास्त्रातून हळूहळू हद्दपार झाले. नाव मात्र असे तारेच्या आश्रयाने उरले. भारतीय वाचकाला येथे वैशेषिकांचे आकाश आठवावे. आकाश शब्दाला आश्रय देते, अर्थ देत नाही. इथरनेटची करणीही तेवढीच आहे. तारेवर दुसरे कोणी बोलत नाही ना हे ऐकावे, मग आपले बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबावे आणि यदृच्छेने ठरलेल्या कालावधीनंतर पुन्हा प्रयत्न करावा. एका खेपेस ४६ ते १५०० बाइटांचा मजकूर वाहून न्यावा. त्या मजकुरात काय आहे, याची तारेला क्षिती नाही.

खरा प्रश्न यानंतरचा. पीडीपी-११ हा मिनिसंगणक सोळा बिटांच्या शब्दातील कनिष्ठ बाइट आधी ठेवी. युनिक्स प्रणाली उलट क्रमाच्या यंत्रावर नेली तेव्हा 'यू-एन-आय-एक्स' या अक्षरांच्या जागी 'एन-यू-एक्स-आय' अशी अक्षरे उमटली, ही कथा त्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. मोटोरोला ६८००० वर्गातील यंत्रे ज्येष्ठ बाइट आधी ठेवीत. व्हॅक्स आणि इंटेलचे वैयक्तिक संगणक कनिष्ठ. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर जी टीसीपी/आयपी संकेतव्यवस्था सर्वत्र पसरली तिने निवाडा केला की पुड्याच्या शीर्षातील संख्या ज्येष्ठ बाइट आधी ठेवूनच लिहिल्या पाहिजेत. याचा परिणाम मोठा मासलेवाईक आहे. व्हॅक्स आणि वैयक्तिक संगणक या दोहोंची सवय एकच. तरी परस्परांशी बोलताना दोघांनाही आपली संख्या उलटवावी लागते, आणि पलीकडे ती पुन्हा सुलटी करावी लागते.

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये राहणाऱ्यास या व्यवस्थेचे नवल वाटू नये. महायुद्धकालीन कल्याण लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि छावण्यांचे क्रमांक पत्त्यांत आजतागायत टिकून राहिले. येथे सिंधी दुकानदार आणि मराठी गिऱ्हाईक यांचा सौदा बहुधा हिंदीत होतो. ती दोघांच्याही घरची भाषा नव्हे. मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. दोन सिंधी भेटले की हिंदी गळून पडते. यंत्रांना ही मुभा नाही, कारण समोरचा आपल्यापैकी आहे हे ओळखण्याचे साधन त्यांच्या शीर्षात ठेवलेलेच नाही.

'प्रोटोकॉल' या संज्ञेसाठी शासनव्यवहारात 'राजशिष्टाचार' हा शब्द रूढ आहे. जाळ्याच्या संदर्भात तो निरुपयोगी ठरतो. शिष्टाचार मोडला तर रुसवा होतो, येथे अर्थच नष्ट होतो. नैयायिकांचा 'संकेत' हाच शब्द योग्य होय. शब्द आणि अर्थ यांचा संबंध निसर्गसिद्ध नसून ठरविलेला आहे, असे ते मानीत. तार जोडली की काम झाले म्हणणारे लेखक मात्र नकळत मीमांसकांच्या पक्षात जाऊन बसतात. ('संकेतस्थळ' या शब्दाने प्रेमिकांची भेटीची जागा संगणकाला बहाल केली, ही गोष्ट निराळी.)

या चर्चेत मराठीचे आणि सिंधीचे हित गुंतलेले आहे. आयएस १३१९४ या १९९१ च्या मानकाने, म्हणजे इस्कीने, देवनागरी अक्षरे आठ बिटांच्या संचाच्या वरच्या अर्ध्यात ठेविली. १९८२ च्या टपालसंकेताने मात्र सातच बिटांची हमी दिलेली होती. वाटेतील एखाद्या यंत्राने आठवा बिट गाळला की १७९ क्रमांकाचा 'क' ५१ होई, म्हणजे तीन हा अंक. २०४ क्रमांकाचा 'म' ७६ होई, म्हणजे रोमन 'एल'. तार शाबूत, पुडे बिनचूक, आणि मराठी नाहीशी! सिंधीची अडचण याहून बिकट. उजवीकडून डावीकडे जाणारी तिची अरबी लिपी ब्राह्मीकुलातील लिप्यांसाठी रचलेल्या त्या कोष्टकाबाहेरच राहिली. आणि तिच्या चार अंतःस्फोटी व्यंजनांना देवनागरीत स्वतंत्र क्रमांक मिळाले ते युनिकोडच्या ५.० या आवृत्तीत, २००६ मध्ये.

१९९२ च्या माइम संकेताने पत्राच्या शीर्षातच अक्षरसंचाचे नाव लिहिण्याची सोय केली, आणि आठ बिटांचा मजकूर सातांत बांधून नेण्याचीही. टपालापुरते हे ठीक झाले. जुन्या युनिक्स यंत्रांच्या चकत्यांवरील व फितींवरील फायलींना असे शीर्ष नसते. त्या आजच्या यंत्रावर उतरविणे अवघड नाही; परंतु समोरचे बाइट इस्कीचे की कोण्या खाजगी टंकाच्या कोष्टकातले, हे ठरविण्यासाठी एखादी ओळ उलगडून पाहावी लागते, आणि ती भाषा जाणणारा मनुष्य त्या यंत्रापाशी बसवावा लागतो.