खिळ्यावरचा ग्रंथ

ज्याला वाचनालयात नंबर नाही, कपाटात जागा नाही आणि तरीही जो घरातला लहानथोर प्रत्येक जण रोज उघडून बघतो, अशा एका ग्रंथाचे परीक्षण करण्याचे मी योजले आहे. ग्रंथाचे नाव कालनिर्णय. पुस्तकांची परीक्षणे मराठीची माणसे लिहितात. मी पडलो बी.कॉम., बारामतीत बँकेतला कारकून. पण हा ग्रंथ आकड्यांचा आहे, तेव्हा चालायला हरकत नसावी.

याची वंशावळ मोठी. गणपत कृष्णाजींनी मुंबईत 1831 साली पंचांग छापले, तेव्हा छापील कागदाला हात लावायला लोक बिचकत. शाईत चरबी असते म्हणे! त्यांनी म्हणून तुपाची शाई केली. पुढे सोलापूरचे दाते पंचांग आले. पण पंचांग घरात असून भागत नसे, ते वाचणारे गुरुजीही लागत. 1973 साली जयंत साळगावकरांनी ते भिंतीवर टांगले आणि एकादशी कधी, हे आमच्या आळीतली चौथीतली पोरे सांगू लागली. गुरुजींची दक्षिणा किती बुडाली, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता दोष. पानामागचा मजकूर चांगला असतो, पण तो वाचायचा तर महिना खिळ्यावरून उतरवावा लागतो. राशिभविष्यात मला धनलाभ अनेकदा झालेला आहे. पासबुकात त्याची नोंद नाही. आणि तिसरा दोष आमच्या घरातला. आई इंदापूरला संकष्टी सोडायची ती मुंबईच्या चंद्रोदयावर. गावांचा वेगळा तक्ता असतो, पण ठळक दिसेल ते खरे, हा तिचा बाणा. इंदापूर मुंबईच्या पूर्वेला सव्वादोन अंश. अंशाला चार मिनिटे धरली तर आमच्याकडे चंद्र सुमारे नऊ मिनिटे आधीच उगवतो. बारा संकष्ट्यांची वर्षाला 108 मिनिटे जादा उपास, आणि हे व्याज न धरता! मी कागदावर मांडून दाखवले.

"राहू दे रे," ती म्हणाली. "गणपतीकडं जमा असतील."

आता मोबाईलवर गावागावाचा चंद्रोदय मिळतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चौकोनात पेन्सिलीने लिहिता येत नाही. दूध एक लिटर, खाडा, सिलेंडर लावला, ऊसतोड आली, पालखी मुक्काम, भाऊंचा दात काढला. आमच्या घराचा इतिहास एवढ्याच जागेत बसलेला आहे. एकतीस डिसेंबरला या ग्रंथाची किंमत रद्दीच्या भावाला येते म्हणतात. हे मूल्यमापन मला साफ नामंजूर आहे.

गेल्या दिवाळीत इंदापूरचे घर आवरताना गादीखाली जुनी सगळी निघाली. रद्दीवाला दारात उभा होता, काटा घेऊन. मी वरचे एक उचलले. आई गेली त्या वर्षाचे. सप्टेंबरपर्यंत तिचे बारीक अक्षर, रोज एक लिटर. मग अकरा चौकोन कोरे. बाराव्यापासून भाऊंचे अक्षर सुरू होते. त्यांनी जन्मात कधी दुधाचा हिशेब ठेवला नव्हता, आकडे चौकोनाबाहेर गेलेत.

अर्धा लिटर. अर्धा लिटर. अर्धा लिटर.

रद्दीवाल्याला मी वर्तमानपत्रे दिली.