‘नोंद नाही’ या वाक्याची चिकित्सा



पेडगावला व्याख्यानाला चाललोय म्हटलं की लोक हसतात. ‘काय सर, वेड पांघरून का?’ असं विचारतात. तुम्हाला हे आयुष्यभर ऐकावं लागलं असणार. म्हणीतलं पेडगाव आपलं नव्हे, ते तिकडं भीमेकाठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. बहादूरखानाला मराठ्यांनी कसा चकवा दिला ती गोष्ट त्या गावाची सांगतात. आपलं पेडगाव परभणीचं, साधं, सरळ. पण म्हण मात्र आज मला उपयोगाची आहे. एखादी गोष्ट ठाऊक असून ठाऊक नसल्यासारखं करणं, हा तिचा अर्थ. तुम्ही-आम्ही तसं केलं तर लोक त्याला चतुराई म्हणतात. विधानसभेत बसणाऱ्या माणसानं, मंत्र्यानं ते केलं तर काय म्हणायचं, एवढाच आज माझा विषय आहे.

कोरोनाच्या काळात आपण सगळे रोज संध्याकाळी टीव्हीपुढं बसायचो. आरोग्यमंत्री यायचे, निवेदन करायचे. आज इतके रुग्ण, इतके बरे झाले, इतके डोस आले, इतके दिले. साहित्याची समीक्षा होते, नाटकाची होते, मग या निवेदनांची का होऊ नये? कोट्यवधी लोकांनी ऐकलेला तो मराठी गद्याचाच प्रकार आहे. मी त्यातली दोन निवेदनं घेणार आहे. दोन्ही एकाच माणसाची: राजेश टोपे. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले, घनसावंगीचे तेव्हाचे आमदार. म्हणजे मराठवाड्याचा माणूस, आणि म्हणून मला त्यांच्याबद्दल आस्था आहे हे आधीच सांगून टाकतो. त्या धामधुमीत, २०२० च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या आई गेल्या. पुढं त्यांना स्वतःला संसर्ग झाला. तरी ते कामावर राहिले. त्यांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे.

आधी चांगलं निवेदन घेतो. ७ एप्रिल २०२१. टोपे म्हणाले की राज्यात साधारण १४ लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील. आठवड्याला ४० लाख हवेत. त्याच दिवशी केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी जोरदार उत्तर दिलं, की महाराष्ट्र स्वतःचं अपयश झाकायला घबराट पसरवतोय. राजकारण दोन्हीकडं होतं, ते सोडा. मी वाक्य तपासतो. न्यायशास्त्रात शब्दप्रमाण मानताना बोलणारा ‘आप्त’ हवा अशी अट आहे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला ती गोष्ट स्वतःला माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषी असो, साधा माणूस असो, परका असो. आता बघा, साठा किती हे मंत्र्याला माहीत होतं. ते सांगण्यात त्यांची अडचणच होती, कारण उद्या लोक केंद्रावर रांगा लावणार आणि शिव्या राज्यालाच देणार. तरी सांगितलं. आकडा असा, की चार दिवसांनी कोणीही पडताळून बघावा. आणि त्या दिवसांत खरंच कितीतरी केंद्रांवर ‘लस संपली’च्या पाट्या लागल्या. इथं आमदार आप्त ठरतो.

आता दुसरं. २१ जुलै २०२१.

त्याच्या आदल्या दिवशी राज्यसभेत प्रश्न आला होता की दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी किती माणसं गेली. उत्तर दिलं राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी. त्या तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. उत्तराचा आशय असा, की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि राज्यांनी ऑक्सिजनच्या तुटवड्यामुळं झालेले मृत्यू म्हणून वेगळे असे काही कळवलेले नाहीत. देशभर गदारोळ झाला. आपल्याकडं संजय राऊत म्हणाले की नातेवाइकांनी केंद्राला कोर्टात खेचावं. आणि त्याच आघाडी सरकारच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की महाराष्ट्रात ऑक्सिजनच्या तुटवड्यानं एकही मृत्यू झालेला नाही.

केंद्राचं वाक्य होतं ‘कळवलेलं नाही’. राज्याचं वाक्य झालं ‘झालेलं नाही’. या दोन क्रियापदांमधलं अंतर, हीच माझी तक्रार.

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. या टेबलावर तांब्या नाही. तुम्हाला कसं कळलं? दिसत नाही म्हणून. म्हणजे ‘न दिसणं’ हेही ज्ञानाचं साधन होऊ शकतं. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती याला स्वतंत्र प्रमाण मानतात, त्याचं नाव अनुपलब्धी. नैयायिक स्वतंत्र मानत नाहीत, त्यांचा वाद शेकडो वर्षं चालला, तो इथं नको. पण एका अटीवर सगळ्यांचं एकमत आहे. ती वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. आता वीज गेली, हॉलमध्ये अंधार झाला, आणि मी म्हणालो की तांब्या दिसत नाही, अर्थात तांब्या नाही, तर तुम्ही काय म्हणाल? सर, आधी दिवा लावा म्हणाल.

मग मला सांगा, ऑक्सिजनअभावी झालेला मृत्यू सरकारी कागदावर ‘दिसला असता’ का? मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. त्यात तात्काळ कारण लिहायचं, त्यामागचं कारण लिहायचं, मूळ कारण लिहायचं. तिन्ही ठिकाणी आजार अपेक्षित असतो. ‘सिलिंडर आला नाही’ हा आजार नाही. डॉक्टर लिहिणार कोविड न्यूमोनिया, श्वसनक्रिया निकामी. त्यात खोटं काही नाही. पण ज्या कागदात रकानाच नाही, तो कागद दाखवून ‘एकही नाही’ म्हणणं म्हणजे दिवा न लावता तांब्या नाही म्हणणं. आमच्या घरातही असा एक कागद आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान त्या एप्रिलमध्ये एका रुग्णालयाच्या दारात, गाडीत, खाट मिळायची वाट बघता बघता गेले. कागदावर हृदयक्रिया बंद पडली असं आहे. बहीण तो कागद अजून वाचू देत नाही कोणाला.

आणि नाशिकचं काय करायचं? २१ एप्रिल २०२१, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. टाकीतून गळती झाली, पुरवठा थांबला, आणि त्या एका दिवशी २२ रुग्ण गेले. हे तर साऱ्या जगानं पाहिलं. मग वाक्य कसं टिकलं? ‘तुटवडा’ या शब्दावर टिकलं. ती गळती होती, तुटवडा नव्हता. ती दुर्घटना. शब्दशः खरं आहे! तर्कात याला दोष काढता येणार नाही. पण ज्याच्या नाकातली नळी कोरडी पडली त्याच्या बाजूनं बघा. टाकीत होता आणि माझ्यापर्यंत आला नाही, की टाकीतच नव्हता, यात त्याला फरक काय? आपल्या परभणीच्या जिल्हा रुग्णालयातही त्याच महिन्याच्या शेवटी झाडाची फांदी ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर पडली होती. कर्मचारी सावध होते म्हणून माणसं वाचली. नसती वाचली तर तीही ‘दुर्घटना’च.

कोणी म्हणेल, सर, मंत्री आणखी काय सांगणार? कोर्टात प्रकरणं, विरोधक टपलेले. मान्य. पण तिसरं वाक्य उपलब्ध होतं. ‘अशी नोंद आमच्या पद्धतीत होत नाही, म्हणून आकडा सांगता येत नाही, आता रुग्णालयवार तपासणी करून सांगतो.’ एवढंच. सात एप्रिलला ज्यांनी अडचणीचं खरं सांगितलं, त्यांना एकवीस जुलैला हे जमू नये याचं मला आजही वाईट वाटतं. फरक इतकाच होता, की एप्रिलचं सत्य दिल्लीच्या अंगावर जाणारं होतं आणि जुलैचं स्वतःच्या.

लसीच्या आकड्यांकडं येतो. २८ एप्रिल २०२१ ला राज्य मंत्रिमंडळानं १८ ते ४४ वयाच्या सगळ्यांना मोफत लस द्यायचं ठरवलं. ५ कोटी ७१ लाख माणसं, १२ कोटी डोस, ६,५०० कोटी रुपये. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. १ मेला मोजक्या केंद्रांवर सुरुवात झाली आणि १२ मेपासून त्या वयाचं लसीकरण थांबवावं लागलं, कारण लसच नव्हती. जी होती ती ४५ वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडं वळवली. तो निर्णय माझ्या मते शहाणपणाचा होता. पुढं २१ जूनपासून केंद्रानं मोफत पुरवठा सुरू केला. मधल्या काळात खेड्यात काय चाललं होतं? नोंदणी मोबाईलवर, इंग्रजी ॲपमध्ये. शहरातली पोरं पटापट बोटं चालवून खेड्यातल्या केंद्रांचे स्लॉट घ्यायची, गाडी करून यायची, टोचून घेऊन जायची. गावातला माणूस ओट्यावर बसून बघायचा. संध्याकाळच्या निवेदनात मात्र तो डोस ‘ग्रामीण केंद्रावर दिलेला डोस’ म्हणूनच मोजला जाणार.

९ नोव्हेंबर २०२१ ला महाराष्ट्रानं १० कोटी डोसांचा टप्पा गाठला. मोठं काम, नाकारायचं कारण नाही. पण त्याच्या सहाच दिवस आधी, ३ नोव्हेंबरला, पंतप्रधानांनी देशातल्या मागं पडलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली होती. जिथं पहिला डोससुद्धा निम्म्या लोकांना मिळाला नव्हता असे प्रामुख्यानं. त्यात महाराष्ट्राचे सहा जिल्हे होते: औरंगाबाद, नांदेड, हिंगोली, बुलढाणा, अकोला, नंदुरबार. सहातले तीन मराठवाड्याचे! आपली परभणी त्यात नव्हती, पण हिंगोली आणि नांदेड आपले शेजारीच. १० कोटी हा डोसांचा आकडा आहे, माणसांचा नाही, आणि हिंगोलीचा तर मुळीच नाही. बेरीज खरी असते हो, पण ती वस्तीवस्तीतला फरक गिळून टाकते. मग औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही असा हुकूम काढला. टक्का वाढला. माणूस का घाबरला होता, हे मात्र कुठल्या निवेदनात आलं नाही.

ते ज्यांना माहीत होतं त्या आशाताई. घरोघर त्याच फिरल्या. जून २०२१ मध्ये राज्यातल्या जवळपास ७० हजार आशा संपावर गेल्या, आठवडाभर. टोपे यांच्याशी बोलणी झाली, महिन्याला १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. दीड हजार. इथं बसल्यात काही जणी, त्यांच्यापुढं मी जास्त बोलत नाही.

आता मूळ मुद्दा. आमदारानं हिशेब द्यायचा कुठं? कॅमेऱ्यापुढं की सभागृहात? कॅमेरा उपप्रश्न विचारत नाही. सभागृहात तारांकित प्रश्न असतो, लक्षवेधी असते, उत्तर अपुरं वाटलं तर समोरचा पुन्हा उठतो. त्या २०२१ च्या पावसाळी अधिवेशनाचं कामकाज किती दिवस चाललं? दोन. ५ आणि ६ जुलै. पहिल्याच दिवशी १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले (ते निलंबन पुढं सुप्रीम कोर्टानं रद्द केलं). दुसऱ्या लाटेनं राज्य होरपळून निघालेलं, आणि विधिमंडळाला दोन दिवस! संसर्गाची भीती होती म्हणे. भीती खरी होती. पण बाजार उघडले होते, बस चालू होत्या. दोष एकट्या सत्ताधाऱ्यांचा नाही, गोंधळ घालणाऱ्यांचाही आहे. परिणाम एकच, की २१ जुलैच्या त्या वाक्याला ‘कशावरून?’ असं सभागृहात विचारायची सोयच उरली नाही.

एक जुनं उदाहरण देतो, कारण ‘पुरावा नाही’ हे शब्द आपण साथीच्या काळात आधीही ऐकलेत. १८९७, पुण्याचा प्लेग. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वृत्तपत्रात सांगितलं की तपासणीच्या सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी पत्रं लिहिली ते पुढं यायला तयार झाले नाहीत. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं. मला दोन गोष्टी दिसतात. एक, जे सिद्ध करता येत नाही ते मागं घ्यायची त्यांची तयारी होती, आणि दोनच वर्षांनी ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले. दुसरी, पुरावा का मिळाला नाही? त्या दहशतीत साक्ष द्यायला उभं कोण राहणार होतं? म्हणजे तिथंही दिवा लागलेलाच नव्हता.

आपल्याकडं दिवा लागला, पण वेगळ्याच दिशेनं. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर कोविडनं गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये देण्याचं ठरलं. पैसे मिळणार म्हटल्यावर लोकांनी कागद काढले. महाराष्ट्रात आलेले अर्ज अधिकृत मृत्यूंच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. काही दुबार असतील, काही खोटे असतील, पण सगळे नाहीत. आणि २०२५ मध्ये देशाच्या जन्म-मृत्यू नोंदणीचे आकडे बाहेर आले: २०१९ ला सुमारे ७६ लाख मृत्यू, २०२० ला ८१ लाख, २०२१ ला १ कोटी २ लाख. एका वर्षात २० लाखांहून जास्त वाढ. नोंदणी सुधारली हेही त्यात आहे, मी ते वजा करूनच बोलतो. तरी कोविडचे म्हणून देशानं आजवर मोजलेले मृत्यू सव्वापाच लाखांच्या आसपास आहेत. २०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले, आपण साखरेच्या गाठी खाल्ल्या, साथ संपली असं म्हणालो. मधल्या त्या माणसांना कुठल्या रकान्यात बसवायचं हे कोणी ठरवलं नाही.

तुमच्या ग्रामपंचायतीत २०२१ चं मृत्यू नोंदवही असेल. मी सकाळी सरपंचांना म्हटलं, ती काढा, २०१९ च्या वहीशेजारी ठेवा, आणि एप्रिल-मेची पानं मोजा. अवघड काम नाही, एका दुपारचं आहे. मग ज्या घरात माणूस गेला तिथं जाऊन विचारा की शेवटच्या दिवशी नेमकं काय झालं होतं. जे कळेल ते लिहा आणि तुमच्या आमदारांना द्या. पुढच्या अधिवेशनात ते त्यावर प्रश्न टाकू शकतात.

माझं झालं. वेळ आहे ना अजून? मग माईक मागं द्या, त्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.