ग्रंथालयाची शिफारस : एक उपेक्षित समीक्षा

समीक्षा म्हटली म्हणजे नियतकालिकांतील परीक्षणे, ग्रंथांच्या प्रस्तावना आणि विद्यापीठांतील व्याख्याने आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु सामान्य वाचकाने आज कोणते पुस्तक घरी न्यावे, याचा निर्णय या तिन्ही ठिकाणी क्वचितच होतो. तो होतो ग्रंथालयातील देवघेवीच्या टेबलापाशी. भिंतीवर लावलेली नव्या पुस्तकांची यादी, टेबलावर मांडून ठेवलेले दहापाच ग्रंथ, ग्रंथपालाने सहज उच्चारलेले एखादे वाक्य आणि मधूनमधून सभागृहात होणारा कार्यक्रम यांनी वाचकाची पावले वळत असतात. तेव्हा ग्रंथालयाची शिफारस ही देखील समीक्षाच होय. किंबहुना, तिचा परिणाम दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या नोंदीत दिसतो, एवढा तिचा अधिकार इतर समीक्षेहून मोठा आहे. असे असूनही तिच्या गुणदोषांची चिकित्सा आपल्याकडे सहसा होत नाही. परीक्षणाचे परीक्षण होते. यादीचे होत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा विषय अधिक जवळचा वाटावा. बदलीच्या नोकरीत तीनचार वर्षांनी गाव पालटते, भोवतालची भाषा पालटते, आणि पुस्तकांच्या पेट्या दर वेळी थोड्या हलक्या होत जातात. अशा संसारात स्वभाषेतील पुढचे पुस्तक कोणते, हे सांगणारे माणूस भेटणे ही चैन नव्हे. ती गरज आहे.

प्रथम यादी आणि शिफारस यांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. 'नवीन दाखल झालेली पुस्तके' या मथळ्याखाली शीर्षक, लेखक आणि किंमत देणारा कागद ही नोंद होय. तीत निवड नसते. आणि जेथे निवड नाही तेथे अभिरुचीही नाही. शिफारस करणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : हे पुस्तक कोणासाठी, आणि का? शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील दुसरे वाचकाचा पुस्तकावरील हक्क सांगते, आणि तिसरे पुस्तकाचा वाचकावरील हक्क सांगते. दुसरे सूत्र सर्वांच्या तोंडी असते. तिसऱ्याचा अर्थ मात्र फारसा ध्यानात घेतला जात नाही. कपाटात निमूटपणे पडून राहिलेल्या पुस्तकाला त्याचा वाचक शोधून देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असा त्याचा आशय आहे. शिफारशीची सारी नीती या एका सूत्रात सामावलेली आहे.

या नीतीचा हिंदुस्थानातील पहिला मोठा प्रयोग बडोद्यास झाला, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा होता. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. ते १९१३ पर्यंत बडोद्यास होते. त्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसू लागली. लोकांनी एक तृतीयांश रक्कम जमवावी, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यावी आणि उरलेली सरकारने घालावी, अशी ती व्यवस्था होती. पुढे या खात्याची सूत्रे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली; या चळवळीचा इतिहासही त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवला. 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक १९१२ पासून बडोद्याहून निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग असत. गुजराती मुलुखातील एका संस्थानाने ग्रंथालयाच्या विषयावर मराठी विभाग चालवावा, ही गोष्ट आजही विचार करण्याजोगी आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने या चळवळीचा सर्वांत बोलका भाग म्हणजे फिरती ग्रंथालये. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत धाडली जात. आता पेटीची लांबीरुंदी ठरलेली असते. सबंध ग्रंथालय तीत मावत नाही. कधी न पाहिलेल्या गावासाठी कोणीतरी बसून मोजकी पुस्तके निवडावी लागतात : शेतकऱ्यासाठी काय, शाळामास्तरासाठी काय, नुकतेच वाचू लागलेल्या मुलीसाठी काय. अशी पेटी भरणे हे समीक्षेचे अत्यंत कठोर रूप होय. परीक्षण लिहिणाऱ्याला मोघम स्तुती करून सुटता येते; पेटी भरणाऱ्याला एक पुस्तक आत घालण्यासाठी दुसरे बाहेर काढावेच लागते. त्याच १९३१ साली मद्रास इलाख्यात मन्नारगुडी येथे बैलगाडीतून ग्रंथालय खेड्यांत नेण्यात आले. तेथेही प्रश्न हाच होता. बडोद्याच्या व्यवस्थेचा एक कमकुवतपणाही सांगितला पाहिजे. तिच्यामागील प्रेरणा मुख्यतः राजाची होती. लोकांना ग्रंथालय मिळाले. ते मागण्याची सवय त्यांना लागली होती की काय, हा प्रश्न मागे उरला.

दुसरा प्रयोग दिल्लीचा. युनेस्को आणि भारत सरकार यांच्या सहकार्याने उभारलेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. वर्गणी नाही, कपाटे खुली, मुलांसाठी निराळा विभाग, नवसाक्षरांची सोय, आणि १९५३ पासून मोटारीतून फिरते ग्रंथालय, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा सामाजिक शिक्षणाचा विभाग हा विशेष लक्षणीय होता. व्याख्याने, चर्चामंडळे, नाट्य आणि संगीत यांचे गट, चित्रपट असे कार्यक्रम ग्रंथालयाच्याच छपराखाली होऊ लागले. ल्यूटन येथील ग्रंथपाल फ्रँक गार्डनर यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यांचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण काय करतो आहोत हे बाहेरच्या जाणत्या माणसाकडून तपासून घेण्याची ही वृत्ती आम्हांस कार्यक्रमांहूनही मोलाची वाटते.

कारण कार्यक्रम हा ग्रंथालयाचा सेवक असतो. तो धनी होऊ लागला की घोटाळा होतो. व्याख्यान रंगते, हारतुरे होतात, आभारप्रदर्शन होते, सभागृह रिकामे होते, आणि ज्या लेखकाविषयी दोन तास बोलणे झाले त्याचे पुस्तक शेजारच्या दालनात जागचे हललेले नसते. असा कार्यक्रम वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. तो ग्रंथालयाचा नव्हता, एवढेच म्हणू. याची कसोटी सोपी आहे. सभागृहाच्या दाराशी त्या विषयावरील दहा पुस्तके मांडलेली होती काय? ती तेथल्या तेथे घरी नेता येत होती काय? महिन्याभरात त्यांतील किती बाहेर गेली? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कार्यक्रमाकडे नाहीत, त्याची छायाचित्रे कितीही सुरेख निघाली तरी वाचनाच्या खात्यात त्याची जमा शून्य होय.

मराठी मंडळांच्या सोहळ्यांनाही हाच निकष लावणे न्याय्य आहे. दिल्लीत मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले : १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली, आणि २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या. मधल्या काळात सत्तरांहून अधिक वर्षे लोटली, आणि २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. या गोष्टींचा आनंद आम्हांस आहेच. तथापि भाषेचा गौरव आणि भाषेचे वाचन ही दोन निरनिराळी कामे आहेत. २७ फेब्रुवारीचा समारंभ पहिले काम करतो; दुसरे काम २८ फेब्रुवारीस सुरू व्हावे लागते.

आता शिफारशीच्या लेखनाविषयी. 'अप्रतिम', 'वाचनीय', 'संग्राह्य' ही विशेषणे शिफारशीत येताच ती निर्जीव होते. कारण ती कोणत्याही पुस्तकास लागू पडतात. चांगल्या शिफारशीत पुस्तकाचा एखादा नेमका विशेष असतो आणि डोळ्यांसमोर एक नेमका वाचक असतो. काही उदाहरणे घेऊ. नव्याने नोकरीस लागून आडगावी नेमणूक झालेल्या तरुणास व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) द्यावी : औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून आलेला कोवळा मुलगा परक्या माणसांचा विश्वास कसा मिळवतो, आणि दुष्काळापुढे त्याचे सारे उद्योग कसे थिटे पडतात, हे तीत आहे. झांशी किंवा ग्वाल्हेरकडे बदली झालेल्याच्या हाती विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' ठेवावा : दक्षिणा मिळवण्यासाठी घर सोडलेला वरसईचा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झांशीच्या वेढ्यात आत राहिला, त्याचे हे कथन चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. नवऱ्याच्या प्रत्येक बदलीबरोबर चूल नव्याने मांडणाऱ्या गृहिणीस लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुचवावीत. पतीच्या अस्थिर वृत्तीपायी गावोगाव हिंडावे लागलेल्या या बाईने त्या हालअपेष्टांकडे जितक्या हसतमुखाने पाहिले आहे, तितके क्वचितच कोणी पाहिले असेल. या तिन्ही शिफारशी दोनतीन वाक्यांच्या आहेत. त्यांत पांडित्य नाही. पुस्तक वाचलेले आहे आणि वाचक ओळखलेला आहे, एवढेच आहे.

येथेच परप्रांतातील अडचण उभी राहते. चेन्नईच्या किंवा कोलकात्याच्या ग्रंथपालाने तमिळ वा बंगाली वाचकासाठी अशी टिपणे लिहावीत हे योग्यच; पण मराठी पुस्तक त्याने वाचलेले असेल ही अपेक्षा धरता येत नाही. पुस्तकांचा मात्र तेथे अभाव असतो असे नाही. १९५४ च्याच ग्रंथप्रदान अधिनियमाने प्रत्येक प्रकाशकावर असे बंधन घातले की, प्रकाशित झालेल्या पुस्तकाची एक प्रत तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावी आणि सरकार नेमील त्या आणखी तीन ग्रंथालयांसही द्यावी. मुंबई, चेन्नईचे कॉनेमरा आणि पुढे दिल्लीचे सार्वजनिक ग्रंथालय ही ती तीन. कसूर झाल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि पुस्तकाची किंमत, अशी शिक्षाही कायद्यात सांगितली आहे. सर्वच प्रकाशक हे बंधन पाळतात असे नाही, आणि अशी ठेव-प्रत जतनासाठी असते, घरी नेण्यासाठी नसते. तरीही ज्या शहरांत आपली माणसे वर्षानुवर्षे नोकरी करतात, त्यांतील तीन शहरांत मराठी पुस्तक कायद्याने पोचते करण्याची व्यवस्था आहे, ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते? राष्ट्रीय ग्रंथसूचीत त्याची नोंद होते, पण ती रोमन लिपीत. म्हणजे नोंद असूनही मराठी नजरेला पुस्तक चटकन सापडत नाही. कायदा पुस्तकाला इमारतीपर्यंत आणून सोडतो. तेथून वाचकाच्या हातापर्यंतचे अंतर शिफारशीनेच कापावे लागते.

आणि ती शिफारस अशा शहरात मराठी वाचकानेच करावी लागते. आपल्या मंडळाचे दोन कपाटांचे ग्रंथालय आम्हांस प्रिय आहे. त्यानेच अनेकांची मराठी शाबूत राखली. परंतु त्या कपाटांतील पुस्तके आपणच आपल्याला सुचवतो. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेल्याने निराळी गोष्ट घडते. तेथे मागणी नोंदवली जाते, आणि खरेदी करताना कोणत्या भाषेची पुस्तके बाहेर जातात हे पाहिले जाते. ज्या भाषेला मागणारा नाही तिचे कपाट हळूहळू आकसते, आणि यात ग्रंथपालाचा दोष नसतो. शिवाय तेथे शेजारी भेटतो. 'बनगरवाडी'चे राम देशमुखांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५८ पासून आहे. ते तमिळ सहकाऱ्याच्या हाती देता येते, आणि त्याच्या भाषेतील एक पुस्तक त्याच्याकडून मागून घेता येते. ग्रंथालयाचा याहून चांगला सामाजिक कार्यक्रम आम्हांस तरी सुचत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. शिफारस म्हणजे एकाची रुची दुसऱ्यावर लादणे नव्हे काय? वाचकाने आपले आपण शोधावे, हेच बरे नव्हे काय? खुल्या कपाटांपुढे स्वैर हिंडण्याचे सुख आम्ही जाणतो. परंतु हिंडण्यासाठी कपाटे पुष्कळ लागतात, आणि परप्रांतातील मराठी वाचकापुढे ती नसतात. त्यातून परगावी जन्मलेला मुलगा मराठी बोलतो, पण शेकडो शीर्षकांतून आपले पुस्तक निवडण्याइतकी त्याची ओळखच झालेली नसते. त्याला 'काहीही वाच' असे सांगणे हे स्वातंत्र्य नव्हे. ती टाळाटाळ आहे. शिफारशीत कारण सांगितलेले असले की ती लादली जात नाही, कारण ते कारण वाचकाला नाकारता येते. विशेषणाला मात्र उत्तर देता येत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शहरातील मराठी वाचकांनी मिळून पंचवीस पुस्तकांची एक यादी करावी. पंचविसांहून अधिक नको, कारण पेटी लहान असली तरच निवड खरी होते. प्रत्येक पुस्तकापुढे ते कोणासाठी आणि का, हे दोन वाक्यांत लिहावे, आणि तेच दोन वाक्यांत त्या शहराच्या भाषेतही लिहावे. ही यादी सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालास नेऊन द्यावी, जी पुस्तके तेथे नाहीत त्यांची मागणी रीतसर नोंदवावी, आणि जी आहेत ती घरी नेता येत असल्यास न्यावीत, एरवी तेथे बसून वाचावीत. बदलीचा हुकूम आला म्हणजे ती यादी नव्याने येणाऱ्याच्या स्वाधीन करावी. त्याने तीत पाच पुस्तके बदलली तर वाईट वाटून घेऊ नये. यादी वाचली गेल्याचे ते लक्षण आहे.