व्हर्नची तोफ आणि राहून गेलेला भागाकार

सुट्टीत साखरशेतला घरी आलो की धाकट्या चुलतभावाला काहीतरी वाचून दाखवायचं, हे ठरलेलं. यंदा ‘चंद्रावर स्वारी’ काढली. ज्यूल व्हर्नची 1865 सालची कादंबरी, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली. तीन माणसांना गोळ्यात बसवून तोफेतून चंद्राकडे उडवतात. भाऊ सातवीत. म्हणाला, “दादा, आतली माणसं चिरडणार नाहीत का?”

पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसलेल्या मित्रांनो, हा प्रश्न जपून ठेवा.

व्हर्न मोघम बोलत नाही. तोफ 900 फूट लांब, गनकॉटन 4 लाख पौंड, वेग सेकंदाला 12,000 यार्ड, म्हणजे जवळपास 11 किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला साधारण एवढाच वेग लागतो, तेव्हा इथवर शाबासकी. पण हा वेग केवढ्या अंतरात मिळवायचा? अकरावीचं सूत्र घ्या: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. नळी 274 मीटर. उत्तर येतं गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 22,000 पट. साठ किलोच्या माणसावर तेराशे टनांचा भार!

धक्का बसणार हे व्हर्नला कळलं होतं, म्हणून त्याने प्रवाशांच्या पायाखाली तीन फूट पाणी ठेवलं. माझा खरा आक्षेप इथे आहे. पाण्याची गादी करते काय, तर थोडं अंतर वाढवून देते. 274 मीटरमध्ये आणखी एक मीटर! भार पाचपटीवर आणायचा तर नळी सव्वाबाराशे किलोमीटरची हवी. साखरशेतहून सरळ रेषेत निघाली तर दिल्ली ओलांडून पुढे जाईल. इतके आकडे दिलेत की नसलेला एक आकडा वाचकाला जाणवतच नाही.

हसू नका. माझ्या पहिल्या आराखड्यात चाळीस पानं आणि रंगीत आलेख होते. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “नमुना इतक्या झपाट्याने तापवलास तर तडकणार नाही?” तो हिशेब मी केलाच नव्हता. सहा महिने गेले.

माणसं वगळली तर? तेही करून झालंय. जेराल्ड बुल यांच्या हार्प प्रकल्पात नौदलाच्या 16 इंची तोफा जोडून लांब केल्या. नोव्हेंबर 1966 मध्ये अमेरिकेत युमा इथे गोळा 180 किलोमीटर उंच गेला, म्हणजे अवकाशात पोचला, आणि खाली आला. हवेचा अडथळा सोडून दिला तरी यात सुटका नाही: नुसत्या तोफेने मारलेल्या गोळ्याची कक्षा बंद असेल, तर ती पुन्हा पृथ्वीलाच येऊन भिडते. वर गेल्यावर आणखी एक ढकल हवी, म्हणजे गोळ्यात रॉकेट हवंच. बुल यांच्या पुढच्या आराखड्यांत ते होतं. प्रकल्प 1967 मध्ये बंद पडला.

भावाला एवढं सगळं सांगितलं. म्हणाला, “मग आधीपासूनच रॉकेट का नाही?” पुस्तक मात्र त्याला शेवटपर्यंत ऐकायचंय.