एका कॅटात दहा डाव

शाळा सुटली की मराठवाड्यातल्या देवणी गावातल्या गल्लीत, एखाद्या ओट्यावर, लेकरांचा घोळका बसलेला दिसतो. मध्ये सोनेरी, चकचकीत पत्त्यांची चळत असते. पत्त्यावर पोकेमॉनचं चित्र, वर कोपऱ्यात ‘एचपी’चा आकडा, खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. त्या मजकुराकडे कोणी पाहत नाही. दोघांनी एकदम पत्ता उलटायचा, ज्याचा आकडा मोठा त्यानं दोन्ही उचलायचे. दुसऱ्या गल्लीत आकडाही लागत नाही. पत्ता पालथा ठेवायचा आणि त्याच्याशेजारी जमिनीवर तळहात आपटायचा. झोतानं पत्ता उताणा झाला तर तो तुमचा.

जपानमध्ये १९९६ साली निघालेल्या या खेळाचे मूळ नियम फार वेगळे आहेत. प्रत्येक भिडूनं आपल्याकडच्या पत्त्यांतून निवडून साठ पत्त्यांचा कॅट बांधायचा, त्यात ऊर्जेचे पत्ते घालायचे, सहा पत्ते बक्षीस म्हणून पालथे ठेवायचे, आणि समोरच्याला हरवत ती बक्षिसं आधी संपवायची. देवणीच्या दुकानातल्या पाकिटांत, ती बहुतेक नकलाच असतात, ऊर्जेचे पत्ते जवळजवळ निघतच नाहीत. साठ पत्ते जमवायला पैसे नाहीत, नियम समजावून सांगायला कोणी नाही. तेव्हा हाताशी जे आहे त्यातून लेकरांनी आपला डाव उभा केला. पाहणारे मोठे लोक म्हणतात, यांना खेळ कुठं येतो! माझ्या मते ही लेकरं खेळण्याच्या आधीचं, जास्त अवघड काम करत असतात. ती डाव रचत असतात.

डाव रचण्याला आपण कला मानत नाही, म्हणून तिची समीक्षाही होत नाही. ती व्हायला हवी. या कलेची आजची अवस्था पाहताना मला एक गोष्ट ठळक दिसते. पहिला नियम सुचणं अजून आटलेलं नाही. आटत चालली आहे ती पुढची पायरी, म्हणजे सुचलेला नियम भांडणातून पिकवणं. घरचा डाव एका बैठकीत तयार होत नाही. तो मोडतो, त्यावर वाद होतो, तो दुरुस्त होतो, आणि महिन्याभरानं खेळण्याजोगा होतो.

कारखान्यातले रंगीत पत्ते गावात पोचण्याआधीच लेकरांनी जमवायचे पत्ते शोधून काढले होते. काडीपेटीवरची चित्रं आणि सिगारेटची रिकामी पाकिटं. माझ्या वडिलांच्या पिढीचे लोक सांगतात, बसस्टँडवर पाकिटं वेचायची, रिंगणात मांडायची आणि रेघेवरून चपटा दगड मारून ती बाहेर काढायची. बाहेर पडलेली पाकिटं मारणाऱ्याची. यातली खरी कारागिरी भाव ठरवण्यात होती. हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीची पिवळी चारमिनार आमच्या या जुन्या निजामी मुलखात पावलोपावली सापडे, म्हणून तिची किंमत सगळ्यांत कमी. एखाद्या प्रवाशानं टाकलेलं, गावात न मिळणारं पाकीट म्हणजे पाच-दहा चारमिनारांच्या बरोबरीचं. हा भाव पोरांनी पोरांसाठी बांधलेला होता. एखादं पाकीट फार दिसायला लागलं की त्याचा भाव त्याच ओट्यावर खाली यायचा. दुर्मिळता कंपनीनं ठरवलेली नव्हती, आणि ती खेळाच्या सोयीनं बदलता येत होती.

माझी पिढी ट्रम्प कार्डांची. नव्वदच्या दशकात केबल आली, केबलवरून कुस्तीगीर आले आणि त्यांच्या मागोमाग पत्ते आले. ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘टॉप ट्रम्प्स’ या नावानं बाजारात आलेल्या खेळाचाच हा साचा होता. पत्त्यावर पहिलवानाचं चित्र आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती कुस्त्या लढला, किती जिंकला. ज्याचं राज्य त्यानं एक रकाना पुकारायचा. ज्याचा आकडा सरस, त्याला दोन्ही पत्ते.

हा खेळ आहे तसा खेळला तर आठवड्यात मरतो. पत्ते पाठ होतात. पहिल्या रँकवाला पत्ता ज्याच्याकडे, तो ‘रँक’ म्हणत सुटतो. आमच्या गल्लीनं पहिली दुरुस्ती केली ती रँक बंद करून. लगेच दुसरा रोग दिसला. योकोझुना हा वजनदार पहिलवान हाती आला की ‘वजन’ म्हणायचं, मग हरणं नाही. दुसरी दुरुस्ती अशी की एकच रकाना लागोपाठ दोनदा पुकारायचा नाही. तरीही हलका, खालच्या रँकचा पहिलवान ज्याच्या वाट्याला आला त्याचा डाव वाटतानाच संपलेला असे. त्यातून तिसरा नियम निघाला. प्रत्येकाला एका डावात एकदाच ‘उलटं’ म्हणता येईल, आणि त्या वेळी लहान आकडा जिंकेल.

या नियमावर आम्ही जवळपास अख्खी उन्हाळ्याची सुट्टी भांडलो. ‘उलटं’ कधी म्हणायचं? समोरच्यानं रकाना पुकारल्यावर की आधी? आकडा सांगितल्यावर म्हटलं तर? शेवटी ठरलं की रकाना पुकारल्यानंतर पण आकडा उच्चारण्याआधी. त्या एका कलमानं खेळ बदलला. आता योकोझुनावालासुद्धा वजन पुकारताना दचकायचा. टाकाऊ वाटणारा हलका पहिलवान जपून ठेवण्याची चीज झाला. पाच-सहा वर्षांच्या भावंडासाठी ‘कच्चा लिंबू’ होताच. त्याला तीनदा ‘उलटं’ म्हणायची मुभा होती.

चांगल्या घरच्या डावाच्या कसोट्या मला तेव्हाच कळल्या, फक्त त्यांना शब्द आता सापडतात. कमजोर पत्त्याला काम मिळालं पाहिजे. हरत असलेल्याला शेवटपर्यंत आशा राहिली पाहिजे. नवा नियम एका दमात सांगता आला पाहिजे. आणि वाद झाला तर त्याचा निवाडा नियमातूनच निघाला पाहिजे, ज्याच्याकडे जास्त पत्ते त्याच्या आवाजातून नव्हे. ‘उलटं’ या चारही कसोट्यांना उतरतं. ‘एचपी मोठा तो जिंकला’ फक्त तिसरीला उतरतो. तळहात आपटण्याचा डाव दुसरीलाही उतरतो, कारण हाताचं कसब पत्त्याच्या किमतीवर अवलंबून नसतं. म्हणून आजच्या दोन डावांत मी त्याला वरचं स्थान देईन.

लहान आकड्याला मान देण्याची युक्ती आम्हाला नवी वाटली होती. पुढं गंजिफा या पत्त्यांच्या जुन्या खेळाविषयी वाचलं तेव्हा कळलं की ती शेकडो वर्षांची आहे. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफा पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, १४४ पानांच्या गंजिफेचं वर्णन येतं आणि अकबरानं त्या पानांत स्वतः फेरफार केल्याचंही येतं. पुढं रूढ झालेली मुघल गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. तिच्यावरून हिंदू कारागिरांनी दशावतारी गंजिफा घडवली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, मिळून १२० पानं. बाहेरून आलेल्या खेळाचा हा आपल्या मातीत रचलेला नवा डाव होता.

त्याचे नियम पाहिले की किती पिढ्यांच्या बैठका त्यामागे असतील याचा अंदाज येतो. दिवसा खेळ मांडला तर रामाच्या रंगानं सुरुवात, रात्री मांडला तर कृष्णाच्या. निम्म्या रंगांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलटं, एक्का मोठा आणि दश्शी तळाला. आमचं ‘उलटं’ तिथं कायमचं बसलेलं होतं. सावंतवाडीत राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही रंगवण्याची कला विझू दिली नाही, आणि २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळालं. याचा मला आनंद आहे, आणि एक खंतही आहे. पानं भिंतीवर लागली, खेळ मात्र मागं राहिला. गंजिफा विकत घेणाऱ्यांपैकी ती खेळणारे किती थोडे! चित्रकला वाचवताना डावाची कलाही तेवढीच जपायला हवी होती.

बावन्न पानांच्या कॅटावर मराठी घरांनी केलेलं काम याहून जिवंत राहिलं. चौघं असले तर मेंढीकोट, म्हणजे चार दश्श्यांची लढाई. त्यात हुकूम ठरवण्याच्याच किती तऱ्हा! पान पालथं ठेवून बंद हुकूम, किंवा उतारीचा रंग हातात नसताना जे पान पडेल तोच हुकूम. तिघंच असले तर तीस पानांचा पाच-तीन-दोन, त्यात मागच्या डावातलं देणं पुढच्या डावात पानं ओढून वसूल होतं. दोघंच उरले तर त्याच तीस पानांवर सात-आठ. तीनशे चारमध्ये गुलामाला ३०, नव्वीला २०, एक्क्याला ११, दश्शीला १०, राजाला ३ आणि राणीला २ गुण. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. राजा-राणीला दश्शीच्याही खाली बसवून गुलाम आणि नव्वीला डोक्यावर घेणारा हा हिशेब मला नेहमी थक्क करतो. एकाच कॅटातून इतके डाव निघाले, कारण भिडूंची संख्या, वेळ आणि घरातली माणसं बदलत गेली आणि नियम त्यांच्यामागं गेले.

जमवायच्या पत्त्यांच्या जगातही असं घडलेलं आहे. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं १९९३ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आणला. एरवी त्यात साठ पत्त्यांचा कॅट असतो आणि एकाच नावाचे चार पत्ते चालतात. अलास्कातल्या काही हौशी खेळाडूंनी नव्वदच्या दशकात घरच्या टेबलावर वेगळा डाव मांडला. शंभर पत्ते, प्रत्येक नावाचा एकच, एक पुढारी पत्ता, आणि वीसऐवजी चाळीस प्राण. चार-चार महागडे पत्ते घालून जिंकण्याची वाट त्यामुळं बंद झाली, आणि पेटीत पडून राहिलेले पत्ते कामाला आले. वर्षानुवर्षं तो टेबलांवर पिकला. २०११ साली कंपनीनं ‘कमांडर’ या नावानं त्याचे कॅट विकायला काढले आणि आज तो त्या खेळाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे.

त्याची पुढची गोष्ट आपल्यासाठी जास्त मोलाची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये या प्रकाराची नियम समिती, जी खेळाडूंचीच होती, तिनं चार पत्त्यांवर बंदी घातली. त्यातले काही फार महाग होते. ज्यांचे पैसे बुडाले त्यांनी समितीच्या लोकांना धमक्या दिल्या, आणि आठवड्याभरात समितीनं सूत्रं कंपनीच्या हाती सोपवली. नियमावरचं भांडण खेळाचाच भाग असतं तोवर त्यातून खेळ सुधारतो. पत्त्याची किंमत नियमापेक्षा मोठी झाली की तेच भांडण खेळ गिळतं.

देवणीच्या ओट्यावर रक्कम लहान आहे, पण रोग त्याच जातीचा आहे. पाकिटातून ‘सोनेरी’ पत्ता निघाला की तो खेळात उतरवायचाच नाही, खिशात ठेवायचा. दर महिन्याला नवी पाकिटं येतात, आधीच्या पत्त्यांचा डाव पिकायच्या आत ते जुने होतात. मोबाइलवरच्या खेळात तर नियम कुलुपात आहे. तिथं लेकरू हरलं तर पुन्हा खेळू शकतं, पण ‘हे बरोबर नाही, आपण असं करू’ म्हणायला समोर कोणी नाही. आणि घरातल्या मोठ्यांना पत्ते दिसले की जुगार आठवतो. मराठवाड्यातल्या गावांनी जुगारात उद्ध्वस्त झालेली घरं पाहिली आहेत, ती भीती मी खोटी म्हणणार नाही. पण त्या भीतीपोटी कॅट हिसकावला की पैशाचा डाव आणि बिनपैशाचा डाव यांतला फरक शिकायची संधीही जाते.

या कलेतले जुने दोषही झाकायला नकोत. ज्याच्याकडे पत्ते जास्त तोच नियम करायचा. मुलींना ओट्यावर जागा नसे. हरलेले पत्ते परत न देण्याच्या बोलीवर कित्येक लहानग्यांची चळत एका दुपारी जायची. आणि आम्ही काहीच लिहून ठेवलं नाही, त्यामुळं गल्ली बदलली की नियम मेला.

उपाय फार खर्चाचा नाही. लग्नसराईनंतर देवणीच्या घराघरांत जाड लग्नपत्रिका पडून असतात. त्यांच्या कोऱ्या बाजू कापल्या की कॅट तयार. चित्रं आपली काढावीत. आमच्या देवणी गायी-बैलांचे तीन वाण घ्या. पांढऱ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा वानेरा. नुसता पांढरा बाळंक्या. काळ्या ठिपक्यांचा शेवरा. गीर, डांगी आणि गावठी गुरांच्या संकरातून ही जात घडली असं पशुशास्त्रज्ञ मानतात, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या निवडत निवडत पक्की झाली. चांगला डावही असाच घडतो. शाळेनं एवढंच करावं की एका वहीत नियम लिहायला लावावेत, आणि खोडलेला नियमही वाचता येईल असा ठेवावा. कोणी, का खोडला, हे पुढच्या वर्गाला कळेल.

परवा संध्याकाळी आमच्या ओट्यावर पोकेमॉनचा डाव चालला होता. आठेक वर्षांची एक मुलगी सारखी हरत होती. हातात दोनच पत्ते उरले, दोन्हींचे आकडे छोटे. ती म्हणाली, “आता बारका जिंकणार.” एकच गलका झाला. असं कसं, मधेच कसं, आधी का नाही सांगितलं. आतून एका बाईंचा आवाज आला, भांडताय तर पत्ते चुलीत घालीन. मी त्यांना हात जोडून म्हटलं, वहिनी, जरा थांबा. पोरं अजून भांडत होती. थोड्या वेळानं त्यांतला सगळ्यांत मोठा मुलगा म्हणाला, “बरं, पण एकदाच. अन् पत्ता उलटायच्या आधी सांगायचं.”