गॅलप : अद्भुताचे ओझे वाहणारे वाहन

युद्धकथेत शस्त्राच्या वाट्याला जितके वर्णन येते, तितके ते वाहून नेणाऱ्या साधनाच्या वाट्याला येत नाही. रथ हा याला ठळक अपवाद. परंतु वीर रथातूनच लढतो म्हणून रथाला महत्त्व. कर्णाच्या रथाचे चाक रुतते तेव्हा वीराचे भवितव्यच रुतलेले असते. याउलट धान्य, चारा, तंबू आणि माणसे वाहणारा जो पसारा लढत्या फौजेमागून चालतो, त्याला मराठीत ‘बुणगे’ असा शब्द आहे आणि त्या शब्दातच तुच्छता भरलेली आहे. वीरकथा ज्याच्यावर जगते त्याच्याकडेच तिने पाठ फिरवलेली असते. या परंपरेला छेद देणारे एक उदाहरण जपानी दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेत आढळते. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मोबाइल सूट गन्डम’ (१९७९-८०) या ४३ भागांच्या मालिकेतील ‘गॅलप’ हे ते वाहन होय. प्रचंड युद्धयंत्रे पोटात घेऊन वाळवंट तुडवणारे हे चिलखती वाहन वरकरणी कथेच्या सोयीसाठी आलेले साधन वाटते. प्रत्यक्षात मात्र या मालिकेचा युद्धविषयक आशय सर्वांत स्पष्टपणे प्रकट होतो तो याच वाहनाच्या द्वारे. यंत्रमानवामुळे कथेला अद्भुत लाभते. त्या अद्भुताची किंमत कोण मोजतो, हे मात्र गॅलप सांगते.

१

यंत्रमानवांच्या जपानी कथापरंपरेत वाहतुकीचा प्रश्न प्रारंभी फारसा नव्हता. मित्सुतेरु योकोयामा यांचा ‘तेत्सुजिन २८’ (१९५६ पासून) दूरनियंत्रणाने हुकूम पाळतो. गो नागाई यांचा ‘माझिंगर झेड’ (१९७२) संशोधनकेंद्राजवळील जलाशय दुभंगताच वर येतो. हे प्रकटीकरण देवतेच्या प्रकटीकरणासारखे आहे. देवतेला इंधन कोठून येते, तिच्या जखमा कोण सांधतो, हे भक्ताने विचारायचे नसते.

‘गन्डम’मध्ये ही रचना बदलते. सुमारे १८ मीटर उंचीची, आत माणूस बसून चालवतो अशी ही यंत्रे कारखान्यात तयार होतात, त्यांना क्रमांक असतात, ती मोडतात आणि त्यांचे सुटे भाग संपतात. डार्को सुव्हिन यांनी १९७९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘नोव्हम’ची संकल्पना विज्ञानकथेच्या केंद्रस्थानी ठेवली. वाचकाच्या जगात नसलेली, परंतु तर्काने पटवून दिलेली नवी गोष्ट म्हणजे नोव्हम. या कसोटीवर पाहता मालिकेतील नोव्हम अर्थातच युद्धयंत्र हे आहे. पण ते पटते ते स्वतःच्या बळावर नव्हे, तर त्याच्याभोवतीच्या नव्या नसलेल्या गोष्टींमुळे. तोफा असलेले जमिनीवरचे जहाज एच. जी. वेल्स यांनी १९०३ मध्येच ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ या कथेत कल्पिले होते. गॅलप त्याच कुळातले आहे. त्याचे नावही नव्या युगाचे नाही. ते घोड्याच्या भरधाव चालीचे आहे. भविष्यातील युद्धात घोडदळाची स्मृती अशी नावापुरती उरली आहे.

२

अंतराळातील वसाहतींच्या झिऑन या राज्याने पृथ्वीच्या संघराज्याविरुद्ध पुकारलेले स्वातंत्र्ययुद्ध ही कथेची पार्श्वभूमी होय. झिऑनचा अधिकारी रांबा राल हा राजपुत्र गार्मा याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी पृथ्वीवर उतरतो आणि ‘व्हाइट बेस’ या शत्रूच्या जहाजाचा मध्य आशियाच्या वाळवंटात पाठलाग करतो. या पाठलागात गॅलप त्याच्या तुकडीचे ठाणे असते. जमिनीलगत तरंगत धावणारे हे बोजड वाहन आहे. त्याच्या पोटात रालचे निळे ‘गूफ’ आणि जुनी ‘झाकू’ यंत्रे उभी राहतात, तर मागे मालवाहू डबा जोडता येतो. त्यावर तोफा असल्या तरी त्याचे मुख्य काम लढण्याचे नसून लढणाऱ्यांना वाहण्याचे आहे.

तथापि गॅलपला वाहनगृह म्हणणे अपुरे ठरेल. ते घरही आहे. राल आपल्या सहचरीसह, हामोनसह, त्यात वावरतो आणि तुकडीतील माणसे या दोघांभोवती कुटुंबासारखी जमलेली असतात. सूडाची कामगिरी यशस्वी झाली तर आपल्या माणसांचे दिवस पालटतील, हा हिशेब रालच्या मनात असतो. म्हणजे शत्रूपक्षाच्या या माणसांना रणांगणावर आणणारी प्रेरणा द्वेषाची नसून उपजीविकेची आहे. सैनिक, घर आणि चाकरी ही तिन्ही सूत्रे एका छताखाली आणण्याचे काम हे वाहन करते. रोलां बार्थ यांनी १९६८ मध्ये ज्याला वास्तवाचा परिणाम म्हटले, त्या प्रकारचा हा तपशील प्रथमदर्शनी भासतो; कथेला ज्याची गरज नाही, पण ज्याच्या असण्यामुळे कथा खरी वाटते असा. पुढे मात्र हाच तपशील कथेचा कणा होतो.

३

या दृष्टीने मालिकेच्या १९ व्या भागातील खाणावळीचा प्रसंग निर्णायक आहे. आपल्याला व्हाइट बेसवर नको ते ठरवले जात आहे असे वाटून पंधरा वर्षांचा नायक आमुरो रे गन्डमसह पळून गेलेला असतो. यंत्र वाळूत लपवून तो एका लहानशा वस्तीतील खाणावळीत बसतो. तेथेच राल, हामोन आणि त्यांची माणसे येतात. हामोन त्या एकट्या मुलाला जेवण देऊ करते. आपण भिकारी नाही, असे सांगून तो ते नाकारतो. रालला त्याचा ताठा आवडतो.

येथे दोन स्थिती समोरासमोर ठेवलेल्या आहेत. आमुरोजवळ मालिकेतील सर्वांत समर्थ युद्धयंत्र आहे, पण त्याला वाहणारे जहाज, दुरुस्त करणारे हात आणि रांधलेले अन्न मागे राहिले आहे. वाहकाविना यंत्र म्हणजे वाळूखाली पुरलेले लोखंड आणि त्याचा चालक म्हणजे उपाशी मुलगा. रालचे यंत्र तुलनेने दुय्यम असूनही तो सोबत्यांनिशी जेवायला बसू शकतो. मिखाइल बाख्तीन यांनी कादंबरीतील स्थळकाळाचा विचार करताना रस्त्यावरील भेटीला जे महत्त्व दिले, ते येथे आठवते. सामाजिक अंतरांनी दूर ठेवलेली माणसे रस्त्यावर एकत्र येतात. येथे ती भेट घडण्यासाठी दोघांनाही आपापल्या यंत्राबाहेर यावे लागते. पुढील लढतीत आमुरो गूफचा पराभव करतो, तेव्हा विजय यंत्राच्या क्षमतेचा आहे, तुझा नव्हे, असे राल त्याला सुनावतो. त्या मुलाला हरवणारे वाक्य हेच आहे, कारण खाणावळीत त्याने यंत्राशिवायचा राल पाहिलेला असतो.

४

गूफ गेल्यानंतर कथेचे केंद्र रणांगणावरून रसदीकडे सरकते. राल ‘डॉम’ या नव्या यंत्रांची मागणी करतो. प्रदेशातील झिऑनचा अधिकारी मा कुबे, ज्याला खनिजे आणि चिनी मातीची दुर्मीळ भांडी यांची आस आहे, ती यंत्रे त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही. पहिल्या आघाताइतकाच हा दुसरा आघात जीवघेणा ठरतो आणि तो शत्रूकडून आलेला नाही. वीरकथेत वीराला मृत्यू शापाने, कपटाने किंवा द्वंद्वात येतो. येथे तो अडवून ठेवलेल्या मालामुळे येतो. परिणामी राल यंत्रांच्या लढाईचा नाद सोडून माणसांनिशी व्हाइट बेसवर चढाई करतो. आतल्या झटापटीत शत्रूच्या गणवेशातील सायला ही आपल्या जुन्या धन्याची मुलगी असल्याचे त्याच्या ध्यानात येते. तो क्षणभर थबकतो आणि घायाळ होतो. अखेर हातबॉम्बने तो स्वतःचा अंत करून घेतो.

२१ व्या भागात हामोन उरलेल्या माणसांसह सूडाला निघते आणि गॅलपच्या मालवाहू डब्यात स्फोटके भरून तो व्हाइट बेसच्या दिशेने सोडते. आमुरोचे गन्डम तो डबा अंगाने रोखून धरते. त्याच्या उघड्या पाठीवर हामोन नेम धरते आणि जखमी र्‍यू आपले विमान तिच्यावर घालून तिच्यासह मरतो. या प्रसंगाचा शोकात्म परिणाम केवळ मृत्यूंत नाही. ज्या डब्यातून तुकडीचे अन्नवस्त्र वाहिले जायचे, तोच अस्त्र झाला आहे. घर जाळूनच आता युद्ध चालू ठेवता येते. आणि समोर मालिकेचे अद्भुत यंत्र शस्त्र चालवीत नाही. ते हमालासारखे ओझ्याला खांदा लावून उभे आहे. वाहक आणि वाहिलेले यांची अदलाबदल येथे पूर्ण होते.

५

या रूपाचे वैशिष्ट्य तुलनेने अधिक उघड होते. याच मालिकेत पुढे गन्डमला वाहून नेणारे, त्याच्याशी जोडले जाणारे ‘जी-आर्मर’ आणले गेले. त्यामागे प्रायोजक खेळणी-उत्पादकाची गरज होती आणि १९८१-८२ च्या चित्रपटत्रयीतून ते वगळण्यात आले. म्हणजे विक्रीसाठी रचलेला वाहक गळून पडला, तरी कथेचे काही अडले नाही. तोमिनो यांच्याच ‘झाबुंगल’मध्ये (१९८२-८३) आयर्न गिअर हे भूजहाज स्वतःच यंत्रमानव बनते. तेथे वाहक आणि वीर यांतील अंतर मिटल्यामुळे त्या अंतरातून निर्माण होणारा ताणही मिटतो आणि कथा हास्याकडे झुकते. रिओसुके ताकाहाशी यांच्या ‘डगराम’मध्ये (१९८१-८३) मात्र हा विचार पुढे जातो. बंडखोरांचे एकमेव यंत्र मालट्रकवर लादून वाळवंटातून न्यावे लागते आणि कथेचा आरंभच वाळवंटात गंजत पडलेल्या त्या यंत्राच्या सांगाड्याने होतो.

गॅलपवरील या चित्रणाविरुद्ध एक आक्षेप संभवतो. शत्रूच्या तळाला घराची ऊब देणे म्हणजे युद्धाला सुंदर करणे नव्हे काय? झिऑनची राज्यव्यवस्था या मालिकेत उघडउघड हुकूमशाहीची आहे आणि राल तिचाच चाकर आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण तो स्फोटकांनी भरलेल्या डब्यापाशी थांबतो. घराची ऊब दाखवून मालिका युद्धाला क्षमा करीत नाही. हीच ऊब युद्धाचे इंधन कशी बनते, हे ती दाखवते. निष्ठा, प्रेम, उपजीविकेची काळजी यांतील एकही गोष्ट युद्धाबाहेर राहत नाही.

अधिक गंभीर उणीव अन्यत्र आहे. ज्या भूमीवरून हे वाहन धावते ती मध्य आशियाची भूमी कथेत जवळजवळ निर्मनुष्य आहे. खाणावळ वगळता तेथील रहिवासी दिसत नाहीत; खाणी दिसतात, त्यांत कोणाचे गाव होते ते दिसत नाही. सैनिकांच्या घराचे चित्रण करणाऱ्या कलाकृतीने वाळवंटालाही कोणाचे तरी घर मानले असते, तर तिचा युद्धविचार पूर्ण झाला असता. गॅलपने लढणाऱ्यांचे बुणगे कथेच्या केंद्रात आणले. त्याच्या मार्गात येणाऱ्यांना मात्र अजून कथेत जागा मिळालेली नाही, आणि या मालिकेच्या थोरवीचे मोजमाप करताना ही रिकामी जागाही मोजावी लागेल.